दांडी सोडली की बंद

गवत कापायचं मशीन बाराव्यांदा बंद पडलं तेव्हा तिने त्याला लाथ घातली. बुटांना लोखंडी टोक होतं म्हणून पायाचं काही बिघडलं नाही, आणि मशीनचंही नाही. मैदान मात्र अजून अर्धंच कापून झालं होतं. उद्या सकाळी सामना होता आणि आजच संध्याकाळी पाच वाजता आखणीवाले चुन्याच्या पिशव्या घेऊन येणार होते.

रात्री कुणीतरी पाण्याचे फवारे चालूच ठेवले होते. गवत वाळायची वाट बघण्यात सकाळ गेली, तरी ते बुडाशी ओलंच राहिलं. त्याचा लगदा पात्याखाली बसायचा, मशीन घोगरं व्हायचं, धापा टाकायचं आणि गप्प. मग मुकादमकाकांची शिस्त सुरू. हँडलवरची दांडी सोडायची. पातं पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. स्पार्क प्लगची टोपी उपटायची. मशीन कलतं करून लगदा काठीनं खरवडायचा, हात लावायचा नाही. मग टोपी परत बसवायची, दांडी परत दाबायची, दोरी परत ओढायची. ओढून ओढून तिचा खांदा भरून आला होता.

सगळ्यात वैताग त्या दांडीचा. ती हँडलला चिकटून दाबलेली असेल तरच इंजिन चालणार. घाम पुसायला हात काढला, बंद. आडवा आलेला पाण्याचा पाइप बाजूला करायला वाकलं, बंद.

काका शेडच्या दारात स्टुलावर बसून बघत होते. दुपारी ती पेट्रोल भरायला गेली तर इंजिन गार होऊ दे म्हणून त्यांनी तिला ताटकळत ठेवलं होतं. त्याआधी सगळं मैदान पायी फिरून खडे वेचायला लावले होते. नोकरीला लागून तिला दोन महिने झाले होते आणि बाकी कुणाच्या मागे ते असे हात धुऊन लागत नव्हते. तिचे बाबा याच मैदानावर सतरा वर्षं मशीन चालवत होते. बाबांचं आणि काकांचं बोलणं बंद होतं. का, ते घरात कुणी सांगत नव्हतं. बाबांवरचा राग काका आपल्यावर काढतात, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

कुंपणापाशी तारेचा तुकडा पडला होता. तिने तो उचलला, दांडी हँडलला दाबली आणि तारेचे दोन वेढे देऊन पीळ भरला. दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. तिने दोन्ही हात सोडून पाहिले, तरी सुरूच होतं.

काका धावत आले. त्यांना धावताना तिने कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती, तरी त्यांनी पीळ सोडवून तार खेचून काढली. मशीन बंद पडलं.

"काका, पाच वाजता माणसं येतायत."

"येऊ देत. आखणी सकाळी होईल. मी सांगतो त्यांना."

तिचा बांध फुटला. "बाबांनी सतरा वर्षं हेच मैदान कापलं. त्यांना नाही लागली असली नाटकं. चालू मशीनमध्ये हात तुम्ही घातलात, बोटं तुमच्या निष्काळजीपणानं गेली. त्याचा जाच मला कशाला?"

बोलून गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका हातातली तार सरळ करत राहिले.

"मशीन बंद होतं," ते म्हणाले. "असंच अडकून बंद पडलेलं. तुझे बाबा नळावर पाणी प्यायला गेले होते. म्हटलं, तेवढ्यात आपण गवत काढून ठेवू. दांडी सुटलेली असती तर ठिणगी पडलीच नसती. पण ती बांधलेली होती, आणि मी नीट बघितलं नाही. माझ्या हातानं पातं फिरलं आणि इंजिननं एक उचकी दिली. एकच."

तिने काकांच्या हातातल्या तारेकडे पाहिलं.

"लोक जमायच्या आत तार काढून खिशात घातली. तू शाळेत होतीस, तुझी आई अंथरुणावर. तुझ्या बाबांची नोकरी गेली असती. साहेबांना सांगितलं, चालू मशीनमध्ये मीच हात घातला. तुझ्या बाबांनाही तेवढंच माहीत आहे. तू काही बोलू नकोस."

"मग ते तुमच्याशी बोलत का नाहीत?"

"ते मलाही कळलेलं नाही," काका म्हणाले. "महिन्याभरात काम सोडून गेले."

उरलेलं मैदान तिने दांडी दाबूनच कापलं. मशीन आणखी सात वेळा अडकलं.

ती घरी पोचली तेव्हा बाबा पायरीवर बसून पिशवीचा तुटलेला बंद शिवत होते.

"उशीर झाला?"

"गवत ओलं होतं. मशीन सारखं अडकत होतं." ती बुटांच्या नाड्या सोडायला वाकली, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागणार नाही.

बाबांची सुई थांबली. "दांडी बांधली नाहीस ना?"

तिने नुसती मान हलवली. बाबांनी पिशवी खाली ठेवली.

"बांधू नकोस कधी. मी बांधायचो." त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "त्या दिवशी नळावरून धावत आलो, तर मुकादम रक्तानं माखलेला आणि दांडीवर तार नाही. ती कुणी काढली ते मला तिथल्या तिथे कळलं. अकरा वर्षं झाली, त्याच्यासमोर जाऊन काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही."