ब्रॅडॉकबाईंना फोन

"तूच बोल," रसेल म्हणाला. "बायकांचं बायकांना बरं समजतं."

"वा रे वा! भाडं खात्यात जमा झालं की घर तुझं, आणि भाडेकरूला काढायची वेळ आली की माझं?" हिलरीने फोन पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

शुक्रवारची दुपार होती. नमाज आटोपून शेजाऱ्यांच्या गाड्या परत येत होत्या. बहारीनमध्ये अंगणात बसून चहा पिता येतो असे महिने मोजून चार, त्यातला हा जानेवारी. पण चहाकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

रसेलच्या कंपनीने घरभाड्याचा भत्ता बंद केला होता. नोकरी होती, पगार होता, पण या बंगल्याचं भाडं खिशातून भरायचं म्हटलं तर हातात काहीच उरत नव्हतं. मार्चअखेर करार संपत होता. घरमालक अबू खलील परवा येऊन कॉफी पिऊन गेला आणि जाताना म्हणाला, "राहताय की जाताय, एकदाच काय ते सांगा, म्हणजे मी मोकळा." जायचं तर मायदेशी, विलायतेत व्हिटबीला त्यांचं स्वतःचं घर होतं. मात्र त्या घरात सतरा वर्षं डोरीन ब्रॅडॉक नावाच्या बाई राहत होत्या. वय वर्षं एक्क्याऐंशी.

"दोन महिन्यांची मुदत द्यायची," रसेल म्हणाला. "नियमाप्रमाणेच. आपण काही उद्या तिला रस्त्यावर काढत नाही आहोत."

"मग हेच सांग ना तिला."

रसेलने कागद पुढे ओढला. परतल्यावर महिन्याला काय लागेल याची यादी त्याने रात्रंदिवस खपून केली होती. घरपट्टी, किराणा, बस, चष्मा, कुत्र्याचं खाणंसुद्धा. एसीच्या पुढे त्याने मोठ्या खुशीत शून्य लिहिलं होतं. इथे उन्हाळ्यात एसीनेच तर कंबरडं मोडतं.

शेवटी फोन हिलरीनेच लावला. पडद्यावर ब्रॅडॉकबाई आल्या. अंगात जाड कोट, गळ्याला मफलर, डोक्यावर कानटोपी.

"अगंबाई, बाहेर निघालात वाटतं? मग नंतर करते."

"बाहेर कशाला मरायला जाऊ? स्वयंपाकघरात बसलेय."

"घरात कानटोपी?"

"थंडी आहे, पोरी! हा गॅसचा हीटर सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर. दिवसभर लावला तर मला चर्चच्या दारात वाटी घेऊन बसावं लागेल."

रसेलने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग उलटून मागची बाजू पाहिली. हीटरचं नावच नव्हतं. आता यात हसण्यासारखं काही नाही. इथे उन्हाने जीव नकोसा झाला की आम्ही बाहेरून आलेले सगळेच जुलैत मायदेशी पळतो आणि ऑगस्टात परत येतो. इथल्या बावीस वर्षांत रसेलने आपला देश पाहिला तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात.

"ब्रॅडॉकबाई," तो मध्येच तोंड घालून म्हणाला, "गेल्या महिन्याचं गॅसचं बिल किती आलं हो?"

बाईंनी सांगितलं. रसेलने आकडा लिहिला, खोडला आणि पुन्हा नीट अक्षरात लिहिला. तरी तो तेवढाच राहिला. त्याने हळूच पेन खाली ठेवलं. राहणं परवडत नव्हतं, आणि आता जाणंही परवडेना.

"तुम्ही काय गॅसचं बिल विचारायला फोन केलात?" बाई म्हणाल्या. "काय झालंय? रसेलचा चेहरा असा का उतरलाय? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी आहे," हिलरी म्हणाली. "कंपनीने घरभाडं द्यायचं बंद केलं. इथे आता भागत नाही. म्हणून आम्ही असा विचार करतोय, की परत यावं. तेव्हा तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"मग या की!" बाईंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "त्यात एवढं चाचरायचं काय? वरची मागची खोली रिकामीच पडलीय. इस्त्रीचं टेबल तेवढं हलवते. मला इथे एकटीला गॅस परवडत नाही, तुम्हाला तिथे भाडं परवडत नाही. तिघं एका स्वयंपाकघरात बसलो तर एका हीटरवर भागेल. तुम्ही माझं भाडं थोडं कमी करा, म्हणजे झालं."

हिलरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिन्यांच्या मुदतीचं वाक्य तिने सकाळपासून घोकून ठेवलं होतं. तिने रसेलकडे पाहिलं. त्याने जोरजोरात मान हलवली. नको, नको, काही बोलू नकोस.

पलीकडे बाई उठून वरच्या खोलीचे पडदे धुवायला हवेत, असं काहीतरी स्वतःशीच म्हणत होत्या.

"पण तुम्हाला चालेल ना, ब्रॅडॉकबाई?" हिलरीने विचारलं. "आम्ही दोघं येऊन राहिलो तर?"

बाईंनी मागे वळून फोनकडे पाहिलं.

"न चालायला काय झालं? घर काय माझं एकटीचं आहे?"