चारशे अठरा नंबरची तक्रार

बटण नव्हतं.

पिक्सेलने फोन उभा धरला, आडवा धरला, झटकूनही पाहिला. डॉक्टरांचं नाव होतं, तारीख होती, वेळ होती. त्याखालचं हिरवं बटण, ज्यावर बोट टेकवलं की तपासणीचा नंबर लागतो, तेच नेमकं गायब. आणि ही स्क्रीन त्याने स्वतः बनवली होती, जीव ओतून! एखादी रेघ केसभर इकडची तिकडे झाली तरी हा भांडायला उठायचा, म्हणून तर ऑफिसने त्याचं नाव पिक्सेल ठेवलं होतं.

"आता पटलं?" टेस्टिंगच्या ताईंनी विचारलं. त्यांनी फार काही केलं नव्हतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली होती आणि डिस्प्ले साइजची पट्टी पार शेवटपर्यंत सरकवली होती. काच तेवढीच, पण काचेवरचं सगळं फुगलं. फुगलेलं मावेना, तेव्हा सगळ्यात खालचं बटण काचेबाहेर गेलं. बोटाने वर सरकवलं असतं तर ते दिसलंही असतं, पण ती सोय पिक्सेलनेच बंद करून टाकली होती. स्क्रीन हलली की त्याला गबाळी वाटायची.

"माझ्या फोनवर तर व्यवस्थित दिसत होतं," तो पुटपुटला.

"फोन तुझा आणि डोळेही तुझेच. अरे शहाण्या, अ‍ॅप डोळ्यांच्या दवाखान्याचं आहे!"

त्याचे कान तापले. मंगळवारचा तमाशा आठवला.

तक्रार करणाऱ्याचं नाव त्यांना कधीच दिसत नसे, नुसता नंबर. हा होता चारशे अठरा. यादीत पहिली ओळ तेवढी दिसत होती : 'नंबर लावायचं बटण दिसत नाही. माझंच काहीतरी चुकत असेल.' पिक्सेलने ती ओळ खुर्चीवर उभं राहून, मान हलवत, एखाद्या म्हाताऱ्याच्या थरथरत्या आवाजात वाचून दाखवली होती. सगळे पोट धरधरून हसले. "आजोबा, चष्मा कपाळावर असेल बघा," कुणीतरी ओरडलं, तेव्हा तर याला आणखीच चेव आला. तिथल्या तिथे त्याने उत्तर ठोकून दिलं : 'अ‍ॅपमध्ये काही दोष नाही. आधी फोन नीट वापरायला शिका.' आणि तक्रार बंद केली.

आता त्याने ती उघडून पहिल्यांदा पूर्ण वाचली. खाली आणखी मजकूर होता. 'दोनदा तपासणी चुकली. डोळ्यातलं प्रेशर वाढलंय, उशीर करू नका असं डॉक्टर म्हणाले होते. डाव्या डोळ्याला हल्ली कडेचं दिसत नाही. तुम्ही कामात असाल, सवडीने बघा.'

सवडीने बघा! पिक्सेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने स्क्रीन दुरुस्त केली. सगळ्यात लहान फोनवर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, पुन्हा पुन्हा तपासली. ते जमलं. माफी मात्र काही केल्या लिहून होईना. चारदा लिहिली, चारदा खोडली. उद्या बघू म्हणाला आणि कुणाच्या नजरेला नजर न देता ऑफिसातून निघाला.

घरी जायच्याऐवजी तो आईकडे वळला. महिनाभर नुसतं "येतो, येतो" चाललं होतं. तिच्याही डोळ्यांत प्रेशर होतं. फोनवर विचारलं की ती म्हणायची, तपासणी ना, झाली की. तिच्या फोनवर ते अ‍ॅप त्यानेच मोठ्या ऐटीत घालून दिलं होतं.

"आलास? बस, बस," म्हणत आईने पाण्याचा पेला पुढे केला. तो त्याच्या हाताच्या वीतभर डावीकडे, हवेत. पिक्सेलने झटकन हात नेऊन तो पकडला.

"आई, खरं सांग. तपासणी झाली?"

आई ओशाळली. "होईल रे. नंबरच लागत नाही. अ‍ॅप छानच आहे हो तुझं. पण औषधवाल्याकडून अक्षरं मोठी करून घेतली, तेव्हापासून काही बटण सापडेना. माझंच काहीतरी चुकत असेल."

पेला त्याच्या हातात तसाच राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढा जीव तोडून केलंस, आणि खोट काढायची ती आईने? तुमच्या ऑफिसला लिहिलं मी गुपचूप. तर कुणीतरी फाडकन तोडूनच टाकलं बघ." तिने फोन त्याच्यापुढे धरला.

ऑफिसात तपासली होती तेवढीच मोठी अक्षरं. 'आधी फोन नीट वापरायला शिका.' पाच शब्दांनी काठोकाठ भरलेली स्क्रीन. शेजारच्या घरातूनही वाचता आले असते ते शब्द. तो मीच, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच शरमेने त्याचा चेहरा लालबुंद झाला.

आईने तो चेहरा जवळ येऊन निरखला आणि त्याचा हात धरला.

"असा तापू नकोस. त्याच्यावर ओरडायचं नाही, सांगून ठेवते. नवखा असेल बिचारा, चुकला असेल. जवळ बसवून समजाव त्याला," आई म्हणाली. "तुझं ऐकेल तो."