काळं सूप

"ब्लड नो हॅव, आंटी," तोआ पायोहच्या बाजारातला कोंबडीवाला म्हणाला. "सिंगापूर कॅनॉट लाह." रक्त विकायला इथे बंदी आहे, हे त्याने हातवारे करून समजावलं आणि तोडलेलं बदक पिशवीत घालून दिलं.

संजीवनीबाईंनी ती पिशवी अंगापासून लांब धरून पुंगोलला मुलाच्या, अश्विनच्या फ्लॅटपर्यंत आणली. जन्मात त्यांनी अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. पण सुनेला आठवा लागला होता, डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं, आणि संजीवनीबाई पुण्याहून आल्यापासून तिने पहिल्यांदाच तोंड उघडून काही मागितलं होतं. तिच्या पोलंडमधलं, बदकाच्या रक्ताचं काळं सूप. डोहाळे कसलेही असोत, पुरवायचे असतात.

दोरोता पलंगावर कुशीला वळून खिडकीबाहेर बघत होती. खाली एलआरटीची छोटी गाडी गोल फिरून पुन्हा त्याच स्टेशनात शिरत होती.

"रक्त काही मिळालं नाही गं."

"काळं पाहिजे, आई. काळं नाही, तर ते सूप नाही."

नाकाला ओढणी बांधून संजीवनीबाईंनी बदक शिजत घातलं. दोरोता आतून सांगेल तसे सुकवलेले पेअर, प्रून, लवंगा, व्हिनेगर, थोडा मध. रस्सा तपकिरीच राहिला. तेव्हा त्यांनी पुण्याहून आणलेली आमसुलं कोळून त्यात ओतली आणि आटवत राहिल्या. रंग जांभळा झाला, मग जवळजवळ काळा.

भिंत धरत धरत दोरोता स्वयंपाकघरात आली. चमचाभर चाखून तिने मान डोलावली. वाडगा भरला आणि टेबलावर अश्विनच्या जागी नेऊन ठेवला.

"अगं, तू खा ना! तुझ्यासाठी केलंय."

"मला नको. अश्विनला." ती हळूच खुर्चीत बसली. मोडक्यातोडक्या मराठीत, अडेल तिथे इंग्रजीत, सांगू लागली. तिच्या गावाकडे पूर्वी मुलगा मागणी घालायला यायचा. मुलीला तो नको असला, तर कुणी तोंडाने नाही म्हणायचं नाही. त्याला जेवायला बसवून हे सूप वाढायचे. तो काय ते समजायचा आणि उठून जायचा.

"पण तुमचं तर लग्न झालंय," संजीवनीबाई म्हणाल्या.

"हो." दोरोताने पोटावर हात ठेवला. "मी म्हटलं, बाळ माझ्या आईकडे होऊ दे. तो म्हणाला, हो, जाऊ. पुढच्या महिन्यात. मग परत, पुढच्या महिन्यात. आता विमानात घेत नाहीत. मी रडले, तर म्हणाला, चला, प्रश्नच मिटला." तिने टेबलावरचा वाडगा सरळ केला. "तोंडाने किती सांगू, आई?"

'तू आलीस की ती जायचं नाव काढणार नाही,' असं अश्विन संजीवनीबाईंना फोनवर म्हणाला होता. आणि त्या हौसेने बॅग भरून आल्या होत्या.

दाराच्या कुलपाची बटणं वाजली. अश्विन ऑफिसातून आला.

"आई, तू बदक शिजवलंस? कमालच झाली!" हसत हसत तो बसला आणि एका हातात फोन धरून भराभर सूप पिऊ लागला. दोरोता समोर बसून त्याच्याकडे एकटक बघत होती. त्याने मान वर केली नाही. वाडगा रिकामा झाला.

"मस्त झालंय. अजून आहे?"

दोरोता टेबलाचा आधार घेऊन उठू लागली. संजीवनीबाईंनी खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि डाव स्वतःच्या हातात घेतला.

"आहे की," त्या म्हणाल्या, आणि मुलाचा वाडगा काठोकाठ भरला.