झेलणारं गाव

तिसऱ्या दगडाला मडकं फुटलं. ताईबाईने पदराने घाम पुसला आणि दुसरं मडकं मांडायला लावलं.

"निस्ता हात नका हालाडा," ती बायकांवर ओरडली. "खांदावरथून फेका! पंच्याहत्तर साल मनं वय शे, तुमनं काय?"

अनेर नदीचं पात्र कोरडं ठाक होतं. चाळीस बायका, वीस मडकी आणि दगड म्हणाल तेवढे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस उरले होते. मयुरी कॅमेरा घेऊन बाभळीखाली उभी होती आणि मडकं फुटलं की तिचे डोळे आपोआप मिटत होते.

मयुरी देवपूरच्या एका कॉलेजात शिकवायची. एका जागतिक संस्थेने लोकांच्या जिवंत परंपरांची यादी करायला घेतली होती. त्यातलं खान्देशचं काम तिच्याकडे आलं होतं. आखाजीला या दोन काठांवरच्या बायका एकमेकींवर तुटून पडायच्या, एवढंच तिला ठाऊक होतं. खेळ बंद पडून पन्नास वर्षं झाली होती. तो खेळलेल्या दोघीच उरल्या होत्या: अलीकडच्या गावात ताईबाई, पलीकडच्या गावात कमलबाई. दोघींची वयं बघता खेळ नोंदवायचा तर याच वर्षी, नाहीतर तो दोघींबरोबर जाणार होता. या विचाराने मयुरीला झोप लागत नव्हती.

नियम ताईबाईने सांगितले. मुली देणारं गाव फेकतं, मुली नेणारं गाव झेलतं. आधी शिव्यांची गाणी, मग फेक. आणि काय फेकणार ते समोरच्या काठाला आधी कळू द्यायचं नाही. कळलं तर खेळ बाटतो.

"अक्का, दगडांऐवजी चिंध्यांचे चेंडू केले तर?"

"मंग चिंध्यासनाच फोटू लई जाय," ताईबाई म्हणाली. "खरं दखनं व्हई तं दगडच."

मयुरीने वरच्या कचेरीला लिहिलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी दोन ओळींत उत्तर धाडलं: लोकांच्या परंपरेत ढवळाढवळ करू नये. फक्त नोंद करावी.

ते पत्र वाचून दाखवायला ती ताईबाईकडे गेली. घरभर आढीचा वास कोंडला होता. खान्देशात आखाजीआधी कुणी आंबा तोंडाला लावत नाही, तेव्हा आढी गवताखाली झाकलेलीच होती. भिंतीवर एका तरुण बाईचा हार घातलेला फोटो होता.

"मनी नात, दिपमाला," ताईबाई म्हणाली. "पल्याड दिधी व्हती. विहिरीम्हा पडनी."

"कधी?"

"तीन साल व्हयनात. चहाले साखर पुरनी का?"

मयुरीने वहीत लिहिलं: दोन्ही गावांत अजूनही सोयरिकी होतात.

दुसऱ्या दिवशी ती पलीकडे गेली. कमलबाईचं घर मोठं होतं. अंगणातली विहीर नव्या लोखंडी जाळीने झाकलेली होती. आमंत्रण ऐकून कमलबाईने हातातलं काम खाली ठेवलं.

"ताईबाईनी बलायं? मले?"

"हो. तुम्हीच पुढे उभं राहायचं म्हणाल्या."

कमलबाईचे डोळे भरून आले. मयुरीला राहवलं नाही. "या वयात झेपेल ना, अक्का?"

"न झेपाले काय व्हयनं? आमना वखतले आठ-आठ दिन पुरे, माय," कमलबाई हसली.

मयुरीने लिहिलं: त्रास आठवडाभर राहतो. तिला म्हातारीच्या धैर्याचं फार कौतुक वाटलं.

आखाजीला सकाळी दहा वाजता दोन्ही काठ भरले. पलीकडच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन आल्या होत्या. डोकं झाकायला काहीतरी आणलंय हे बघून मयुरीचा जीव जरा भांड्यात पडला. शिव्यांची गाणी सुरू झाली. सासूवर, दिरावर, नवऱ्याच्या मिशीवर. दोन्ही काठ हसून हसून लोळत होते.

मग ताईबाईने हात वर केला. गाणी थांबली. नवं लुगडं नेसलेली कमलबाई चार पावलं वाळूत पुढे आली, दोन्ही हातांनी तिने पदर पसरला आणि मान वर केली.

पहिला दगड ताईबाईचा होता. तो कपाळावर बसला. मडकं फुटल्यासारखा आवाज झाला. कमलबाईने पदर सोडला नाही. तिला काय होतंय ते कळलं नसावं. दुसरा जबड्यावर बसला, आणि मग चाळीस हात एकदम सुटले.

पलीकडच्या बायका टोपल्या टाकून पळाल्या. कमलबाईची धाकटी सून लताबाई तेवढी मागे फिरली, तर तिचं मनगट मोडलं. मयुरी "थांबा, थांबा" ओरडत पात्रात धावली. एक दगड तिच्या खांद्यावर आदळला आणि ती आडवी झाली. वाळू लाल होत होती. बायकांचे हात थांबले तरी ताईबाईचा थांबला नाही. ओटीतला शेवटचा दगड संपेपर्यंत ती फेकत राहिली.

ट्रॅक्टर येईपर्यंत कमलबाई गेली होती.

फौजदाराने चाळीस बायकांना विचारलं. चाळीस जणींनी एकच सांगितलं: रीत शे, साहेब. मयुरीच्या कॅमेऱ्यात ताईबाईच्या तोंडून सगळे नियम होते, आठ दिवसांचा सराव होता, आणि वरच्या कचेरीचं पत्रही होतं. ते तिने स्वतःच काढून दिलं. रडत रडत तिने लिहून दिलं की परंपरा अशीच आहे. त्या दिवशी कुणालाही नेलं नाही.

दिवस मावळताना ताईबाईने घराचं दार लावून घेतलं. आढीवरचं गवत बाजूला केलं, सगळ्यात पिवळा आंबा निवडला, धुतला आणि फोटोपुढे ठेवला.

"खाय, बेटा," ती म्हणाली. "औंदाना बठ्ठा तुनाच शेतस, पल्याड एक बी फेका नही. तुनी सासू पदर पसरीसन उभी व्हती ना, आंबा झेलाले."