सत्काराचा नारळ

"बंद करा हे!" प्राचार्य ओरडले आणि कुणीतरी वीज तोडली. गिटार मध्येच मुकी झाली.

एकाहत्तरची लढाई संपून महिना झाला होता. साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजच्या संमेलनात आईला वीरमाता म्हणून शाल आणि नारळ दिला होता. लगेच पुढे माझ्या बँडचं गाणं होतं. शब्द लढाईत गेलेल्या दिगूदादानं मला लिहिलेल्या शेवटच्या पत्रातले होते. समोरच्या चौकीतला पोरगा रोज संध्याकाळी शीळ घालतो, मीही घालतो, मग मी त्याला का मारायचं? दादा घरीही घालायचा ती शीळ मी गाण्यात घेतली होती. पत्र मात्र आईला दाखवायचं धाडस झालं नव्हतं.

"भावाच्या मरणाची तरी लाज बाळग!" मागून कुणी ओरडलं. एक चप्पल ड्रमवर आदळली. त्याचं मला काही वाटलं नाही. मी पहिल्या रांगेतल्या आईकडे पाहत होते.

आई उठली. शाल खुर्चीवर ठेवून, नारळ घेऊन स्टेजपाशी आली. प्राचार्य घाईनं पुढे झाले.

"ताई, आम्ही तिला समज देतो."

"शीळ माझ्या लेकाची आहे, सर. शब्दही त्याचेच असणार. पुरतं ऐका."

आणि शुभकार्याआधी फोडतात तसा तिनं तो नारळ स्टेजच्या पायरीवर फोडला. पाणी माझ्या पायांवर उडालं. पंच्याहत्तरीतही मला त्याचा गारवा आठवतो.

"हं शालन, विजेवाचून गा. पहिल्यापासून."