खांद्यावरची गाठ

"दुखलं तर सांगा," सर्जन म्हणाले.

पालथ्या पडलेल्या ड्रायव्हरने नुसतं हं केलं. खांदा बधिर झाला होता. दुखत काहीच नव्हतं, पण आत कुणीतरी काही ओढतंय एवढं कळत होतं.

ती गाठ कित्येक वर्षं बसच्या सीटला घासत होती. डेपोतली मंडळी तिला 'विनातिकीट प्रवासी' म्हणायची, तोही हसण्यावारी न्यायचा. पण अलीकडे बायकोने पिच्छाच पुरवला होता. ऊठसूट एकच, काढून टाका. पाठीला तेल लावायच्या निमित्ताने ती गाठ चाचपायची. दाबून बघायची, हलवून बघायची आणि न बोलता उठून जायची. तिची थोरली बहीण गाठीच्याच दुखण्याने गेली होती. तिचे शेवटचे दिवस बायकोने जवळ राहून काढले होते. ते आठवलं आणि ड्रायव्हरच्याही मनात पाल चुकचुकली. शेवटी तो बायकोला घेऊन इथे आला.

सर्जनचं काम चालूच होतं. मग ट्रेमध्ये काहीतरी थपकन पडलं.

चरबीची गाठ आहे, सर्जन म्हणाले, घाबरायचं कारण नाही. तरी रीत म्हणून तपासायला पाठवू.

टाके घालून झाल्यावर नर्सने बायकोला आत बोलावलं. एवढ्याशा गोष्टीसाठी किती जीव खाल्लास, म्हणून तिला चिडवायचं त्याने ठरवलं होतं. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर ट्रेमधल्या पिवळट, मऊ गोळ्यावर खिळली होती. साधी गाठ हाताला कळते का, तिने सर्जनना विचारलं. ते म्हणाले, पुष्कळदा कळते, मऊ असते, बोटाखाली सरकते. पण खात्री तपासणीनेच.

"अगं, सुटलो ना आपण," ड्रायव्हर उठून बसत म्हणाला. "चल घरी."

ती जागची हलली नाही. तिने एक हात दुसऱ्या काखेखाली घट्ट दाबून धरला होता. असा हात धरून ती किती दिवस घरात वावरत होती, ते त्याला काही केल्या आठवेना.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "माझी सरकत नाही."