आणखी एकदा ‘का?’ विचारा

नवऱ्याने टेबलाखाली बायकोचं मनगट पिरगाळलं, ते फक्त आरशामागे बसलेल्यांना दिसलं. समोर बसून प्रश्न विचारणाऱ्या बाईंना दिसलं नाही. त्यांच्या बाजूने टेबलाला खालपर्यंत फळी होती. आरसा बाजूच्या भिंतीवर होता आणि ‘त्यामागे आमचं कुणीतरी ऐकत असेल’, एवढं बाईंनी सुरुवातीला घाईघाईत सांगून टाकलं होतं.

आरशामागच्या अंधाऱ्या खोलीत टॉपर बसली होती. विद्यापीठात मार्केटिंगला पहिली आली म्हणून बॉसनी तिचं हे नाव पाडलं होतं, अर्धं कौतुकाने, अर्धं चिडवायला. तिच्या वर्गातली बाकीची मुलं मिळेल तिथे चिकटली होती. एकजण फोनवरून विमा विकता विकता शिव्या खात होता, एक मुलगी साबणाच्या जाहिरातीसाठी दिवसभर यमकं जुळवत बसायची. टॉपरला मात्र ग्राहकाच्या मनात शिरायचं होतं, आणि त्या कामात लोकांना बोलतं करून त्यांची पसंती शोधणाऱ्या या कंपनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजची ही नवरा-बायकोची मुलाखत नीट पार पडली तर नोकरी पक्की, असं बॉस म्हणाले होते. आईने तर नातेवाइकांना आधीच सांगून टाकलं होतं.

मुलाखत एका नव्या ॲपसाठी होती. घरातलं कोण कुठे आहे, ते हे ॲप बाकीच्यांना फोनवर दाखवणार होतं. ॲपवाल्या कंपनीचे साहेब आपली दोन माणसं घेऊन टॉपरशेजारी बसले होते, बिस्किटं खात. बॉस मागे दाराजवळ उभे होते. टॉपरच्या हातात टॅब होता. ती त्यावर जे लिहील ते पलीकडे बाईंसमोरच्या लॅपटॉपवर उमटत होतं.

“मी ते बंद ठेवीन,” बायको म्हणाली.

“का?” बाईंनी विचारलं.

“असंच.”

“असंच का?”

वर्गात हेच शिकवलेलं. एका ‘का’वर थांबायचं नाही. पहिलं उत्तर तोंडदेखलं असतं, खरं आत दडलेलं असतं. का, का विचारत तिथवर उतरायचं. टॉपरला या भागात पैकीच्या पैकी मिळाले होते.

“कुठेही गेलं तरी कुणीतरी बघतंय म्हटल्यावर गुदमरायला होतं,” बायको म्हणाली.

नवरा हसत होता. टेबलाखाली त्याची बोटं आणखी आवळली. बायकोचा खांदा एका बाजूला कलला.

टॉपरने ते पाहिलं. ‘थांबा’ असं लिहायला हवं, हे तिला कळत होतं. पण उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, आणि साहेब खाणं विसरून खुर्चीच्या टोकाला सरकले होते. तिने लिहिलं : आणखी एकदा ‘का?’ विचारा.

बाईंनी विचारलं.

“बहिणीकडे जाते मी,” बायको म्हणाली. “तिकडे पाऊल टाकायचं नाही असं ह्यांनी सांगितलंय. म्हणून चोरून जाते.”

थप्पड एवढ्या जोरात बसली की इकडच्या खोलीतला स्पीकर खरखरला. बायको खुर्चीसकट खाली गेली. नवऱ्याने तिला केसांना धरून उचललं आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. मग पुन्हा आपटलं.

“बहिणीकडे? आणि हे माझ्या तोंडावर सांगतेस? परक्या बाईसमोर?”

पाण्याचा ग्लास फुटला. बाई मध्ये पडायला गेल्या, तर त्याने त्यांना ढकलून भिंतीवर आदळलं. त्या तिथेच तोंडावर हात दाबून उभ्या राहिल्या. टेबलावर पाणी, काचा आणि रक्त यांचा चिखल झाला.

“थांबवा ना त्याला!” टॉपर किंचाळली.

“हळू. तिकडे ऐकू जाईल,” बॉस म्हणाले. “गार्ड येतोय वर. आपण मध्ये पडायचं नाही. रेकॉर्डिंग चालू आहे.”

ॲपवाले साहेब काचेला नाक लावून बघत होते. “हा आपला ग्राहक,” ते आपल्या माणसांना म्हणाले. “ती नाही. हा. याला पहिल्याच दिवशी विकता येईल.”

दोघांतल्या एकाने ते टिपून घेतलं.

टॉपर दाराकडे धावली. बॉस दाराला पाठ लावून उभे राहिले.

“जागेवर बस बाळा. एवढं शिकलीस, आता एका मिनिटासाठी सगळ्यावर पाणी सोडणार का?”

तिला नोकरीची भीती वाटली. अशा वेळीही ती वाटली, याची तिला स्वतःचीच किळस आली. पलीकडे तो आता लाथा घालत होता. बरगड्यांत बसणाऱ्या प्रत्येक लाथेचा आवाज छतातल्या स्पीकरमधून नीट ऐकू येत होता.

दाराशेजारी दिव्याचं बटण होतं. तिचा हात तिकडे गेला.

“नको!” बॉस ओरडले. “इकडे उजेड झाला की तिकडून आपण दिसतो!”

तिने बटण दाबलं.

आरशाची नुसती काच झाली. नवऱ्याचा उचललेला पाय तसाच राहिला. काचेपलीकडची माणसं पाहून त्याने तो सावकाश खाली घेतला, शर्ट खाली ओढून सारखा केला आणि बॉसकडे बघून कसनुसं हसला.

बायको टेबलाचा आधार घेत उठली. नाकातून रक्त वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. ती काचेजवळ आली. टाय लावलेले साहेब, त्यांची दोन माणसं, दाराशी उभे असलेले बॉस, बटणावर हात ठेवलेली पोरगी. एकेकाच्या तोंडावर तिची नजर थांबत गेली.

“एवढे जण होता?” तिने विचारलं.